हुंकाराचा वसा

मी आजवर बरीच व्रतं केली. सोमवार केले, संकष्ट्या केल्या, श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला पुरणाचा नैवेद्य दाखवला. त्या सगळ्यांत एक वसा असा घेतला की त्याला फुलं लागत नाहीत, उपास लागत नाही, आणि त्याचं उद्यापनही नसतं.

शेजारच्या शालनला अंगणवाडीत काम लागलं. प्रशिक्षणाला निघाली तेव्हा नमस्काराला आली. तो नेमका जिवतीचा शुक्रवार. मी तिची ओटी भरली आणि देवीपुढे मनात म्हटलं, जी कुणी दुसऱ्याचं मूल सांभाळायचं शिकायला निघेल, तिला मी एक कहाणी सांगीन, आणि मग तिचीही ऐकून घेईन.

तीच कहाणी तुम्हाला सांगते. लहान असा, थोर असा, हातात चार अक्षता घ्या आणि ऐका. मधूनमधून ‘हं’ म्हणत जा. कशाला, ते पुढे कळेल.

फार पूर्वी, राजा कोण होता हेही आता कुणाला आठवत नाही इतक्या पूर्वी, एक नगर होतं. नगरात सगळं होतं, पाणी तेवढं नव्हतं. म्हणून राणीने तळं खोदायला घेतलं. गावोगावची माणसं कामाला आली. पुरुष खोदायचे, बाया पाट्या भरभरून माती वाहायच्या. दिवस मावळला की ज्याच्या त्याच्या पदरात धान्य पडायचं.

पण बायांची तान्ही मुलं उन्हात पडायची. राणीच्या जिवाला ते लागलं. तिने बांधाशेजारी एक ऐसपैस घर बांधलं, ओळीने पाळणे टांगले, आणि सांभाळायला दाया नेमल्या.

दायांना शिकवायला राजवाड्यातली थोरली दाई आली. बाई कामाची पक्की. टाळू कशी भरावी, पायावर घेऊन न्हाऊ कसं घालावं, गुटीत वेखंडाचे वेढे किती द्यावे, धुरी कशी धरावी, दुपटं कसं बांधावं, सगळं तिने शिकवलं. हात चुकला की पुन्हा करून घ्यायची. थोड्याच दिवसांत घर आरशासारखं झालं. मुलं न्हालेली, माखलेली, पोट भरलेली.

आणि गप्प.

राणी बघायला आली, तिला फार समाधान वाटलं. “इतकी मुलं आणि एवढी शांतता! किती गुणी बाळं आहेत ही!” तिने जाहीर केलं, “जिच्या पाळण्यांतून सगळ्यात कमी रडं ऐकू येईल, तिला सणाला साडीचोळी.”

बक्षीस कुणाला मिळणार ते सगळ्यांना ठाऊकच होतं. सर्वांत धाकट्या दाईला. तिच्या हाताला वळण होतं. ती दिवसभर काही ना काही करत असायची, उगाळायची, घड्या घालायची, मोठ्याने अंगाई म्हणायची. तिच्या पाळण्यांतून चकार शब्द यायचा नाही.

त्यातल्याच एका पाळण्यात सोनकी होती.

रानात सोनकीची फुलं आली तेव्हा जन्मली, म्हणून आईने तिचं नाव सोनकी ठेवलं होतं. आई पाट्या वाहायची. संध्याकाळी हात धुऊन मुलीला घ्यायला यायची. एक दिवस तिने मुलीला उचललं आणि तशीच उभी राहिली.

“दाईबाई, हिला काय झालंय?”

“काय व्हायचंय? दूध प्याली, झोपली. रडली नाही की कुरकुरली नाही.”

“तेच म्हणते मी. ही माझ्याकडे बघत नाही.”

बरोबरच्या बाया हसल्या. “अगं, लेक गुणी निघाली तर तुझं पोट का दुखतं? आमचं घरी बघ, आळी डोक्यावर घेतं!”

“गुणी नाही गं,” आई म्हणाली. “पूर्वी कावळा ओरडला तरी उत्तर द्यायची. आता मी हाक मारली तरी आढ्याकडे बघते. आणि हलकी लागते हाताला. धरून बघ.”

एकीने धरून बघितलं. मग ती हसली नाही.

राणीने वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट चाचपलं. मग पाळण्यावर वाकून दोनदा हाक मारली; तिने बघितलं नाही.

“अंगात रोग नाही,” ते म्हणाले. “पण या मुलीने हाक मारली, कुणी ओ दिली नाही. पुन्हा मारली, पुन्हा नाही. मग तिने हाक मारणंच सोडलं. हाक सोडलेलं मूल हळूहळू दूधही सोडतं. असंच राहिलं तर ही हातची जाईल. हिला हुंकार हवा. तो माझ्या बटव्यात नाही.”

आई म्हणाली, “मी काम सोडते, राणीसाहेब.” पण काम सोडलं तर चुलीवर काय ठेवायचं, हे तिलाही कळत होतं.

“काही सोडू नकोस,” राणी म्हणाली. “हुंकारच हवा ना? उद्यापासून देतील.”

राणीचा हुकूम निघाला. घरात घंटा टांगली. घंटा झाली की प्रत्येक दाईने बाळाशी बोलायचं. दुसऱ्या दिवशी घंटा झाली, आणि सगळ्या दाया एकदम पाळण्यांवर वाकल्या. “अले अले अले! कोण गं ते? कोण गं ते?” काही मुलं दचकली, काहींनी तोंड फिरवलं. सोनकीने डोळे गच्च मिटून घेतले. बाहेरून पाण्याची कावड घेऊन जाणारा म्हातारा दारात थबकला. “काय हो बायांनो, गुरांचा बाजार भरलाय का आत?”

सोनकीने त्या दिवशी निम्मं दूध टाकलं.

थोरल्या दाईने घंटेला कापड गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगराची वाट धरली. डोंगराच्या पायथ्याशी तिची गुरू राहत होती. तिने या थोरलीला पोरवयात दाईपण शिकवलं होतं. आता ती पार म्हातारी झाली होती. ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती.

“आजी, माझं कुठेतरी चुकतंय.”

“हं,” म्हातारी म्हणाली. “बस. सांग.”

थोरलीने सगळं सांगितलं. तळं, पाळणे, साडीचोळी, घंटा, सोनकी. म्हातारीने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. ‘हं’ म्हणे, ‘बरं, मग?’ म्हणे, आणि खडे वेचे.

शेवटी म्हणाली, “तू दायांना काय काय शिकवलंस?”

“तुम्ही मला शिकवलंत ते सगळं. पहिल्यांदा टाळू भरणं, मग...”

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी काही नव्हतं.”

“आठव. माझ्याकडे आलीस तेव्हा काय करत होतीस?”

थोरलीला हसू आलं. “रडत होते. दुसरं काय? आईची आठवण यायची.”

“आणि मी?”

“तुम्ही अशाच तांदूळ निवडत बसायचात. मी तुम्हाला घरचं सांगायची. आमची गाय, परसातला शेवगा, धाकट्या भावाचा दात. तुम्ही म्हणायचात, हं, मग?”

“तोच पहिला धडा.”

“तो धडा होता?” थोरली चकित झाली. “मला वाटलं, आपण गप्पा मारतोय!”

“गप्पा वाटल्या म्हणूनच अंगात मुरला. तू बाकीचे धडे नीट शिकवलेस, पण हा गाळलास. अगं, दूध कितीही सकस असो, विरजणच नसेल तर दही कशाचं लागणार? जिला कुणी ओ दिली नाही, ती बाळाला कुठून देणार?”

थोरली खाली बघू लागली. “मी फार चुकले.”

“चुकलीस. मग आता जा आणि नीट कर. पण आधी पिठलंभात खाऊन जा, चालत जायचंय तुला.”

थोरली परत आली. दुपारी मुलं निजली होती. थोरलीने सुपात तांदूळ घेतले आणि धाकट्या दाईशेजारी जाऊन बसली. धाकटी गडबडीने उठायला लागली.

“बस गं. नाव काय तुझं?”

धाकटी बघतच राहिली. “बाई, मी इतके दिवस तुमच्या हाताखाली आहे.”

“म्हणून तर विचारायची लाज वाटते. सांग.”

“येसू.”

“येसू, तुला हे काम कसं वाटतं?”

“चांगलं आहे की. धान्य मिळतं, सावलीत बसायला मिळतं.”

“हं.”

थोरली तांदूळ निवडत राहिली. येसूनेही चार दाणे पुढे ओढले. मग येसू सुपाकडे बघतच म्हणाली, “माझाही आहे एक. सोनकीएवढाच. आईकडे ठेवलाय, दोन डोंगर पलीकडे. मला वाटलं, चार दाणे मिळवावे, मग आणावं.”

“बरं.”

“ही पोरं हुंकारली ना बाई, की माझाच आठवतो. वाटतं, तोही आता असाच हुंकारत असेल आणि मी इथे आहे. म्हणून पोरगं तोंड उघडायला लागलं की मी उठते. काहीतरी उगाळायला घेते. मोठ्याने गाते, म्हणजे ऐकू येत नाही.” तिने पदराने नाक पुसलं. “आणि वर साडीचोळी मलाच मिळणार म्हणतात.”

थोरलीच्या जिभेवर उपदेश आला होता. चांगला होता, खराही होता. तिने तो खड्यासारखा वेचून बाजूला ठेवला.

“मग?” ती म्हणाली.

मग येसू मुलाचं बोलत सुटली. त्याचं जावळ, त्याची खळी, तो कुठल्या कुशीवर झोपतो. थोरलीने पोरा‍चं नाव विचारलं, ते चुकीचं म्हटलं, येसूने हसून सुधारलं. तेवढ्यात पाळणे हलायला लागले आणि दोघी उठल्या.

दुसऱ्या दिवशीही थोरली सूप घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी आणखी एक दाई सरकून जवळ आली.

सोनकी एका दिवसात बदलली नाही. येसू तिला मांडीवर घेई, तेव्हा ती तोंड फिरवी. आधीची येसू खुळखुळा वाजवत सुटली असती. आता तीही थोडी मागे होई आणि वाट बघे. आपल्या पोराची आठवण यायची ती येईच, पण ती उठत नसे. ‘हे उद्या दुपारी बाईंना सांगीन,’ असं मनाशी म्हणे आणि बसून राही.

एकदा दूध पाजून झाल्यावर सोनकीने तिच्या नथीकडे पाहिलं. मग डोळ्यांकडे. ओठ हलले, आणि एक बारीक आवाज आला.

“अं.”

“हं?” येसू म्हणाली. “काय म्हणता?”

सोनकीने विचार केला. “अंगूं.”

“असं का? मग?”

त्यानंतर दोघींचं पुष्कळ बोलणं झालं. त्यात पाळण्यांवरची दुपटी घडी करायची राहून गेली.

थोड्याच दिवसांत बांधावरच्या बायांना एका संध्याकाळी घराकडून जोराचं रडं ऐकू आलं. सोनकीच्या आईला त्या दिवशी यायला उशीर झाला होता. ती धावत आली तर येसू दारात उभी, तिच्या कडेवर सोनकी, आणि सोनकी दोन्ही हात पुढे करून टाहो फोडतेय.

“उशीर केलात म्हणून रागावलीय,” येसू म्हणाली. “मघापासून तुम्हालाच शोधतेय.”

आईने तिला ओढून घेतलं. “रडली! बघा गं, माझी सोनकी रडली!” ती हसत होती आणि तिचेही डोळे वाहत होते. कुणीतरी म्हणालं, “लेकरू रडलं म्हणून साखर वाटणारी हीच पहिली!” आणि खरोखरच तिने गुळाचा खडा फोडून सगळ्यांना वाटला. सोनकी त्या रात्री पोटभर दूध प्याली, आणि पुढे तिने अंगही धरलं.

सण आला. राणीने पाळण्यांच्या घरी येऊन विचारलं, “साडीचोळी कुणाला द्यायची?”

थोरली म्हणाली, “कुणालाच नको, राणीसाहेब. त्या कापडाची दुपटी शिवू. आणि एक मागणं आहे. नवी दाई आली की तिच्या हाती तेलाची वाटी देण्याआधी तिला माझ्याशेजारी बसू द्या. जुन्या दायांनाही दुपारची घटकाभर तांदूळ निवडायला सुटी द्या.”

“राजवाड्यात तांदूळ निवडायला माणसं का कमी आहेत?”

“तांदूळ निमित्ताला, राणीसाहेब.”

राणीला कळलं. तिने हुकूम दिला, घंटा उतरवली, आणि येसूच्या पोराला आणायला गाडी पाठवली. मग जरा घुटमळून म्हणाली, “तू दायांचं ऐकतेस. तुझं कोण ऐकतं?”

“डोंगराखालची आजी.”

“आणि आजीचं?”

“देव ऐकतो म्हणते.”

“हं,” राणी म्हणाली, आणि सुपाजवळ येऊन बसली.

तळं भरलं, नगराला पाणी मिळालं. पण त्या नगराची आठवण लोक काढत ती तिथल्या मुलांसाठी. तिथली मुलं हाक मारली की वळून बघत, आणि मोठी झाल्यावर दुसऱ्याची हाक ऐकून थांबत.

ज्याचं कुणीतरी ऐकलं, त्यालाच बाळाचा हुंकार ऐकू येतो.

आता हातातल्या अक्षता देवाला वाहा, आणि माझं एक मागणं ऐका. तुमच्या ओळखीत कुणी अंगणवाडीची ताई असेल, पाळणाघरातली मावशी असेल, बाळंतिणीच्या बाळाला न्हाऊ घालणारी कुणी असेल. तिला घटकाभर बसवा, पाणी द्या, नाव विचारा. सल्ला देऊ नका. ‘हं, मग?’ एवढंच म्हणा. हा वसा मी घेतला, तसा तुम्हीही घ्या; मध्येच सुटला तर मन खट्टू न करता पुन्हा घ्या.