तोंड नसलेला भाऊ

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता, आणि त्याच्या पाठचा भाऊ होता सुघोष. दरबारात राजा पुढे बसून गाई, सुघोष मागे बसून तंबोरा छेडी. एकदा गाता गाता राजाला ठसका लागला. सुघोषनं मागून सूर उचलला, आणि अख्खा दरबार डोलला हो! झालं. राजाच्या पोटात दुखायला लागलं.

दिवेलागणीला तो भावावर कडाडला, "पुन्हा तुझं तोंड बघायचं नाही मला!"

समई लावणाऱ्या येसूदाईच्या हातून वात गळाली. "महाराज, तिन्हीसांजेला असं बोलू नये. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो."

वास्तुपुरुष म्हणाला. भिंतीतून म्हणाला, सगळ्यांनी ऐकलं. सुघोषनं मान वर केली, तर डोळे नाहीत, नाक नाही, ओठ नाहीत. सोललेल्या अंड्यासारखं सगळं गुळगुळीत. आता त्याला घास भरवायचा कुठून? पोर वाळत चाललं.

राजाचं काळीज चरकलं. तो वडावरच्या, भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याकडे धावला.

"भाऊ जगायला हवा?" पिंगळा म्हणाला. "मसणातल्या वेलीचा भोपळा आण. हडळीच्या केसांच्या तारा आण. तंबोरा कर, आणि पाठच्याच्या पाठीशी बस."

भोपळा कापताना तान्ह्या बाळासारखा रडला. राजानं तो पोटाशी धरून आणला.

हडळ म्हणाली, "केस देईन, पण आधी विंचरून दे." राजानं विंचरले. केसांखाली, तिच्या मानेवर, माणसांची तोंडं ओळीनं निजली होती. त्यात सुघोषचं होतं. राजानं हात पुढे केला.

"शिवू नकोस," हडळ म्हणाली. "नकोसं केलेलं तोंड ओरबाडून परत मिळत नाही."

राजानं हात आवरला, केस तेवढे घेतले. तंबोरा झाला. राजा सवयीनं पुढे बसला. तारा मुक्या. पुन्हा छेडल्या, तरी मुक्या.

"पाठीशी बसायचं ना?" येसूदाई म्हणाली. "उठा, मागे व्हा."

"राजा मागे बसतो होय?"

"राजा नाही बसत. भाऊ बसतो."

राजा उठला. सुघोषच्या पाठीमागे मांडी घालून त्यानं तार छेडली, आणि तार बोलली. सुघोषच्या छातीत काहीतरी गुणगुणलं, मडक्यात भुंगा कोंडावा तसं. मग कापड फाटल्यासारखा टर्रकन आवाज झाला. येसूदाईनं पदर तोंडाशी नेला. डोकावून बघावं म्हणून राजाचा जीव तळमळला, पण तो हलला नाही. सूर देत राहिला. आणि पुढून आलाप उठला, असा की दरबारातल्या समया आपोआप तेवल्या.

गाणं संपलं तेव्हा सुघोष स्वतःहून वळला. तेच नाक, तेच ओठ.

"दादा, तुमच्या तंबोऱ्याचा पंचम उतरलाय."

राजा रडता रडता हसला. "मग लावून दे की!"

"देतो. आधी जेवायला वाढा."

दोघे भाऊ एका ताटात जेवले, आणि राज्याला राज्यपण आलं.