पिल्लाचा पाय सुटेना

जिन्यात कुमुदवहिनी कुणाला तरी सांगत होत्या, "मोबाइल नसला ना, तर आजकालच्या पोरांना साधी गाठसुद्धा..."

शूऽऽ! कुकरची शिट्टी. वहिनी आत पळाल्या. पुढचं राहिलंच. मी कान लावला. काही नाही.

तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून आवाज आला. "चिक! चिक!"

दिवाळी झाली. आकाशकंदील उतरला. दोरा मात्र तसाच लोंबत राहिला. त्यात अडकला खारीच्या पिल्लाचा पाय! गच्च गाठ बसली. खारीने कुरतडलं. कुर्र कुर्र. दोरा नायलॉनचा. तुटेना.

गॅलरीत होती सात वर्षांची रेवा. खार गेली टुणुक टुणुक.

"रेवाताई, रेवाताई, गाठ सोडव. पिल्लाचा पाय सुटेना!"

"मी नाही बाई! मोबाइल कसं ते दाखवेल, तर सोडवेन."

टुणुक टुणुक.

"मोबाइलदादा, मोबाइलदादा, दाखव ना. रेवा गाठ सोडवेना. पिल्लाचा पाय सुटेना!"

"मी झोपलोय. चार्जर भरवेल, तर दाखवेन."

टुणुक टुणुक.

"चार्जरभाऊ, चार्जरभाऊ, भरव ना. मोबाइल दाखवेना. रेवा गाठ सोडवेना. पिल्लाचा पाय सुटेना!"

"मीच उपाशी! वीज येईल, तर भरवेन."

"चिक..." पिल्लाचा आवाज बारीक झाला.

खार खांबावर चढली. सरसर सरसर.

"वीजबाई, वीजबाई, ये ना. चार्जर भरवेना. मोबाइल दाखवेना. रेवा गाठ सोडवेना. पिल्लाचा पाय सुटेना!"

"कशी येऊ? वायरमनकाका तार जोडतील, तर येईन."

काका नाक्यावर चहा पीत होते. फुर्र फुर्र.

"काका, काका, तार जोडा ना. वीज येईना. चार्जर भरवेना. मोबाइल दाखवेना. रेवा गाठ सोडवेना. पिल्लाचा पाय सुटेना!"

"मोबाइलवरून तक्रार कर. मग जोडतो."

मोबाइल? तो तर झोपलाय! आता कुठे जायचं?

खार धापा टाकत परत आली.

"रेवाताई, काका तार जोडेनात. वीज येईना. चार्जर भरवेना. मोबाइल दाखवेना. तू गाठ सोडवेनास. पिल्लाचा पाय सुटेना!"

पिल्लू गप्प. चिक नाही की चूक नाही.

रेवाचे डोळे भरले. "मला नाही गं येत!"

"बघ तरी."

रेवाने बघितलं. दोरा वरून गेला. खालून आला. इथे वळला. बोट घातलं. सुटेना. नख घातलं. हलली! ओढलं हळूच...

सुळ्ळकन!

"चिक!"

काका आले नाहीत. वीज आली नाही. चार्जरने भरवलं नाही. मोबाइल उठला नाही. तरी रेवाने गाठ सोडवली. पिल्लाचा पाय सुटला! पिल्लू आईच्या मागे पळालं. टुणुक टुणुक.

मी आपली दोन जिने उतरून, दोन चढून पोचले.

"शाब्बास गं रेवा! आता हा दोरा वर गजाला बांधून टाक."

रेवाने एक वेढा घातला. दोन वेढे घातले. दोरा खाली. टप्!

"काकू, बांधायला नाही येत."

अगंबाई! सोडवता येतं, बांधता नाही. म्हणजे वहिनींचं निम्मंच खरं.

"हे टोक तू धर," मी म्हटलं. "हे मी धरते."