खर्परीचे जांभळे बटाटे

एका राज्यात गुरुवारचा बाजार मोठा भरे. वेशीपासून तळ्यापर्यंत पाले लागत, आणि शेतकरी आपल्या शेतातला माल आपल्याच हाताने विकत. राजाचे नाव उदयकेतू. पण बाजारात सत्ता चाले ती गोमाजी कोठावळ्याची. राजाच्या मुदपाकखान्यासाठी भाजी निवडणे हे त्याचे काम. तो ज्या टोपलीपुढे थांबे ती घटकाभरात रिकामी होई. जिच्यापुढे नाक मुरडी ती भरलेलीच घरी जाई. माणूस वाईट नव्हता. चाळीस जातींची वांगी तो नुसत्या देठावरून ओळखी. पण ज्याला सगळे विचारतात त्याला आपल्याला सगळे कळते असे वाटू लागते, तसे त्याचे झाले.

एका गुरुवारी काजळडोंगरावरची खर्परी टोपली घेऊन बाजारात बसली. ती चेटूक जाणते हे सर्वांना ठाऊक होते. ती शेतीही उत्तम करते हे कोणाला ठाऊक नव्हते. टोपलीत बटाटे होते, बाहेरून काळपट. एक कापून ठेवला होता, तो आतून गडद जांभळा.

गोमाजी थांबला. म्हणाला, "बटाटा असा नसतो. हे विष आहे."

"रांधून चाख, मग बोल."

"चाखायचे कशाला? मला दिसते आहे."

झाले. बाजाराने त्याचा शब्द उचलला. एकाही माणसाने बटाटा हातात धरून पाहिला नाही. ऊन डोक्यावर आले तशी खर्परी उठली. "न चाखता बोलणारी जीभ माणसाला कशाला हवी?" ती म्हणाली, आणि गोमाजीचा बुलबुल झाला. मग तिने बाजारावरून नजर फिरवली. "आणि न चाखता ऐकणाऱ्यांना चव तरी कशाला हवी?" त्या क्षणी साऱ्या नगरीची चव गेली. गूळ आणि कारले एक झाले.

गोमाजीची बायको तुंगा मुदपाकखान्यात स्वयंपाकीण होती. तिला बातमी कळली तेव्हा ती कणीक मळत होती. तशाच भरल्या हातांनी ती बाजारात आली, बुलबुलाला उचलून खांद्यावर घेतले, आणि खर्परीसमोर उभी राहिली.

"माझा नवरा मला परत द्या."

"पुढचे तीन गुरुवार आहेत," खर्परी म्हणाली. "हे बटाटे रांधून आण. रंग जाता कामा नये. रंग टिकला, तर तुझ्या नवऱ्याने भर बाजारात ते आपल्या मर्जीने खावेत. चोच उघडून भरवलेले चालणार नाही. एवढे झाले की तो माणूस होईल, आणि नगरीची चवही परतेल."

"आणि साधले नाही तर?"

"प्रत्येक खेपेला त्याची माणसाची भाषा कमी होईल. तिसऱ्या खेपेनंतर तो नुसता बुलबुल."

राजाने तुंगेला बोलावले. राजे लोकांना अडचणीपेक्षा अडचणीत सापडलेला माणूस लवकर नकोसा होतो. तो म्हणाला, "बाई, आम्ही नवा कोठावळा नेमू. तुम्हाला घर देऊ. चेटकिणीशी कोण झगडणार?"

"मी, महाराज," तुंगा म्हणाली, आणि बटाटे घेऊन चुलीकडे गेली.

त्या मुदपाकखान्याचा एक जुना नियम होता: सोलल्यावाचून पातेल्यात काही पडायचे नाही. तुंगेने बटाटे सोलले आणि उकडले. पाणी जांभळाच्या रसासारखे झाले आणि बटाटे राखेसारखे. गुरुवारी खर्परीने ताटाकडे एकदा पाहून मान हलवली. घरी परतताना खांद्यावरचा बुलबुल म्हणाला, "तुंगे, ते जांभळे, काटेरी देठाचे असते, त्याला काय म्हणतात?"

"वांगे."

"वांगे," तो म्हणाला, आणि चार पावलांवर पुन्हा विसरला.

तुंगा त्या दिवशी रडली. पोटभर रडली, आणि मग पातेले घासायला बसली. घासता घासता तिच्या ध्यानात आले की रंग पाण्यात गेला, कारण त्याला अडवणारे कोणी नव्हते. साल असती तर तिने अडवला असता.

दुसऱ्या खेपेला तिने नियम चुलीत घातला आणि बटाटे सालीसकट उकडले. मग साल काढून पाहिली तर आत रंग जसाच्या तसा. तिला आनंद झाला, आणि आनंदात हात सवयीने चालतात. मुदपाकखान्यात रस्सा लवकर मिळून यावा म्हणून चिमूटभर पापडखार टाकत, तसा तिने टाकला. वर झाकण ठेवले. भर बाजारात झाकण उघडले तर आत सगळे तळ्यावरच्या शेवाळासारखे हिरवे. लोक मागे सरले.

बुलबुलाने तिच्याकडे मान वाकडी करून पाहिले. "बाई, आपण कोण?"

"मी तुंगा."

"चांगले नाव आहे," तो अदबीने म्हणाला. तुंगेला वाटले, याहून त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवसापासून तो बोलेनासाच झाला.

राहिला एक आठवडा. जिभेला काही कळत नव्हते, म्हणून तुंगा डोळ्यांनी रांधू लागली. सात वाट्या मांडल्या, सातांत बटाट्याच्या फोडी टाकल्या, आणि घरात जे होते ते एकेकीत घालून पाहिले. राखेच्या पाण्याने फोडी हिरव्या झाल्या. हळदीने चिखल झाला. ताकाने रंग जरा खुलला. खाराने बिघडते ते आंबटाने सुधारते, एवढे तिला उमगले. आमसुलाचे पाणी घातलेली वाटी तिने उजेडात धरली, तेव्हा फोडी अशा झळकल्या की ती स्वतःशीच "हं" म्हणाली आणि कामाला लागली.

गुरुवारी तिने बटाटे सालीसकट वाफवले, सोलून जाड फोडी केल्या, जिरे-मिरचीची फोडणी दिली, आमसुलाचे पाणी शिंपडले, वर खोबरे पेरले. मीठ हाताच्या अंदाजाने घातले, कारण चाखून काही कळणार नव्हते. बुलबुल आता तिच्या हाताला बुजत होता, म्हणून त्याला झाकल्या डालग्यात घालून न्यावे लागले.

खर्परीने ताट पाहिले. "रंग टिकला," ती म्हणाली. "आता त्याने खावे."

तुंगेने डालगे उघडले. बुलबुल भुर्रकन उडाला आणि पळसाच्या शेंड्यावर जाऊन बसला.

त्या दिवशी राजाही बाजारात आला होता. तो म्हणाला, "पारध्यांना बोलवा. जाळे आणा."

"नको, महाराज. त्याच्या मर्जीने, असे ठरले आहे."

ती पळसाखाली मांडी घालून बसली. एक फोड तळहातावर ठेवून हात पुढे केला. दुसरी स्वतःच्या तोंडात घातली आणि सावकाश चावली. तोंडात माती असावी तशी ती लागली. तिने वर पाहिले.

"मला चव कळत नाही," ती म्हणाली. "मी आठवत नसेन तर राहू दे. पण कसे झाले आहे, ते खाऊन सांगा. दुसरे कोणी खरे सांगणार नाही."

सावल्या सरकल्या. तिचा हात भरून आला तसा तिने दुसऱ्या हाताचा टेकू दिला, पण तो खाली घेतला नाही. तिला भीती वाटत होती, आणि तरी ती बसून राहिली.

बुलबुल एक फांदी खाली आला. मग आणखी एक. मग तळहाताच्या कडेवर उतरला, नखे रुतली. त्याने फोडीवर चोच मारली, डोके झटकले, आणि पुन्हा मारली.

तुंगेसमोर गोमाजी बसला होता. ओठ जांभळे, खांद्यावर एक पीस. तो विचारपूर्वक चावत होता.

"तुंगे," तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

तुंगेने घाईने एक फोड तोंडात टाकली. आंबट लागली, तिखट लागली, आणि मीठ खरेच कमी होते. तिने पदर तोंडाशी धरला आणि भर बाजारात हुंदके देऊन रडली. इतके सुख तिला आजवर झाले नव्हते.

साऱ्या नगरीच्या जिभा जाग्या झाल्या. कोणी मुळा खाल्ला, कोणी नुसता गूळ. गोमाजीने खर्परीपुढे जमिनीला डोके टेकले आणि विचारले, "बाई, आणखी काय काय पिकवता? कसे रांधतात तेही सांगा." तिची टोपली घटकाभरात रिकामी झाली. राजानेही ताटाकडे हात पुढे केला.

"थांबा, महाराज," तुंगा म्हणाली, आणि उठून मीठ आणायला गेली.

अशी ही जांभळ्या बटाट्यांची गोष्ट. रांधणाऱ्यांना लाभो, खाणाऱ्यांना पचो.