बेडकाचं आळं

झाडं-पाखरं एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. दक्षिण अमेरिकेतल्या एका तळ्याकाठी एक गवंडीण पाखरीण राहायची. तिचं मातीचं घरटं वादळातही ढळत नसे. पंख फुटलेल्या पिल्लालाही ती दाराबाहेर सोडत नसे.

एकदा बेडूकदादा काठावर चिखल लोटून आळं करताना दिसला. डोक्यानं थापून त्यानं कड गुळगुळीत केली. बेडकीनं आत झिरपलेल्या पाण्यात अंडी घातली. आता तळ्यातल्या माशांची डाळ शिजणार नव्हती.

"काम देखणं हो, दादा! पण कड कच्ची आहे. तळं चढलं की फुटेल," गवंडीण म्हणाली.

"फुटू दे की," बेडूक म्हणाला.

गवंडिणीला राहवेना. तो दूर जाताच तिनं गवत-चिखल कालवून कड उंच आणि पक्की केली.

पुढे अंड्यांतून पिल्लं निघाली, वाढली. आळ्यातलं पाणी आटत आलं. डोंगरात पाऊस होऊन तळं चढलं, पण पाणी कड ओलांडेना. पिल्लं तडफडू लागली. कड फोडायला बेडूक डोकं आपटून दमला.

गवंडीण धावली. चोचीनं तिनं आपलंच बांधकाम फोडलं. पाणी आत शिरलं, पिल्लं सुळकन तळ्यात गेली.

"दादा, मला नुसतं बांधता येतं," ती म्हणाली.

घरी परतली, तेव्हा तिचं पिल्लू दाराशीच उभं होतं. त्याला वाट देत ती बाजूला झाली.