दिगूसाठी विश्वस्त

"मग काय, तुम्हालाच नेमू विश्वस्त?" शरयूताईंनी विचारलं आणि डोळे बारीक केले.

टेकडीवरच्या दत्तमठात राहणाऱ्या माई फणसाच्या भाजलेल्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "मला कशाला गो? मी तुझ्याआधी जायची."

उत्तर ताईंना पटलं. पटलं म्हणूनच संशय आला. इतकं सरळ कोण बोलतं?

ताई म्हणजे निवृत्त हेडबाई. परीक्षेत कॉपी करणारं पोर त्यांना पाठमोऱ्या असतानाही दिसायचं. लग्न केलं नाही. स्थळं येत, पण ताई समोरच्याला असं काही न्याहाळत की माणूस चहा तसाच ठेवून उठे. घरी धाकटा भाऊ, दिगू. वय पन्नाशीचं, समज पहिलीतल्या पोराची. आणि आता सोमवारी ताईंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

"वकील काय म्हणाला?"

"म्हणाला, नुसतं मृत्युपत्र करून घर दिगूच्या नावे ठेवलंत, तर उद्या कोणीही त्याचा अंगठा घेईल. त्यापेक्षा ट्रस्ट करा. घर नि बाग विश्वस्तांच्या ताब्यात, उत्पन्न दिगूसाठी."

"बरं सांगितलंन की."

"बरं? विश्वस्त म्हणून स्वतःचंच नाव सुचवलंन!"

माईंनी एक आठळी पुढे केली. ताईंनी ती उलटसुलट करून पाहिली, वास घेतला, मग खाल्ली.

"भाचा आहे ना तुझा?"

"हल्ली दर रविवारी फोन करतो. आधी का नाही करायचा?"

"चुलतभाऊ?"

"त्याला आमच्या बागेची हद्द माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. कशी?"

"मग बँकेला नेम. त्यांना भावकी नाही."

"फी आहे."

"ती तरी उघड घेतात…"

"उघड घेणारे जास्त घेतात, माई."

माई हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"हसू नका हो! सोमवारी मला भूल देणार. उठले नाही तर…" ताई थांबल्या. "त्याला शर्टाची बटणंसुद्धा लावता येत नाहीत, माई."

माईंचे हात थांबले.

"आत्ता कुठाय दिगू?"

"घरी."

"एकटा?"

"एकटा कसा ठेवीन? शेजारची वत्सू आहे त्याच्यापाशी."

"चांगली आहे?"

"चांगली कसली, चोरटी! आमचे पडलेले नारळ उचलते. या डोळ्यांनी बघितलंय मी. विचारलं तर म्हणते, ताई, वाराच टाकतो आमच्या अंगणात, मी काय करू?"

"आणि तिच्याकडे ठेवलंस त्याला?"

"मग काय करू? दुसऱ्या कोणाच्या हातचं जेवतच नाही तो. आधी त्याला भरवते, मग स्वतः पानावर बसते. मागे मी तपासण्यांना मुंबईला गेले, तर हा रागानं तिच्या हाताला कडकडून चावला. घरी निघून जाईल की नाही बाई? हाताला फडकं गुंडाळलंन, नि पुन्हा भरवायला…"

ताई बोलायच्या थांबल्या.

खाली रस्त्यावरून एसटी गेली. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत ताई तिच्याकडे बघत राहिल्या.

"पण चोरटी ती चोरटीच," ताई म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता.

माईंनी पदरातली सालं झटकली.

"शरयू… सांभाळायचंय कोणाला? दिगूला, की नारळांना?"