गळ्यातला बिल्ला

झाडं माणसांशी हुज्जत घालायची, त्या काळची गोष्ट. कपाशीच्या एका नव्या वाणाची सरकारदरबारी नोंदणी झाली, गळ्यात बिल्ला आला आणि स्वारी फुगली. "मला चावली की बोंडअळी मरते," तो मालकाला म्हणाला. "मग कडेला ही साधी, किडकी कपाशी कशाला? उपटा!"

मालकही तसलाच. त्यानं कडेच्या ओळी उपटून टाकल्या.

चार हंगामांत बिल्लेवाल्याच्या बोंडाबोंडात अळ्या वळवळू लागल्या. "तुम्ही मरत कशा नाही?" तो किंचाळला.

"अरे शहाण्या, त्या साध्या कपाशीवर आमचं भागत होतं. ती तू उपटायला लावलीस, मग तुझं विष पचवायला शिकलो," अळी तोंड पुसत म्हणाली. "आता तेवढी बिल्ल्याची चव बघायची राहिलीय."