खेळघराचं एकच दार

फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी माणसांना संध्याकाळी वेळ असायचा. एका राज्यात, नदीच्या वळणावर, खेळ्यांचं एक गाव होतं. उन्हं कलली की तिथला कुंभार चाक थांबवी, तेली घाणा सोडी आणि जो तो खेळायला बसे. कोणी सारीपाट मांडी, कोणी वाघ-शेळ्या, कोणी गंजिफांची गोल पानं वाटी. त्या गावात माणसाची ओळख त्याच्या जातीवरून किंवा शेतावरून होत नसे. 'हा सोंगटी मारताना हसतो' किंवा 'ही हरली की दोन दिवस बोलत नाही' अशी ओळख असे.

पण खेळ सांभाळणं सोपं नव्हतं. पावसाळ्यात पटांना बुरशी धरे. उंदीर कापड कुरतडत. तान्ही मुलं कवड्या गिळत. बाजारात फसवणूकही होती. एक व्यापारी शिसं भरलेले फासे विकी, तर दुसऱ्याच्या मातीच्या सोंगट्या पहिल्याच दिवशी फुटत.

मग त्या गावात आबांनी खेळघर बांधलं.

आबा म्हणजे खेळांवर जीव असलेला, हळू बोलणारा माणूस. त्यांनी टेकडीवर दगडाचं कोरडं घर उभारलं. प्रत्येक कुटुंबाला आत एक कप्पा दिला. खेळ तिथेच विकत घ्यायचा आणि तिथेच ठेवायचा. कोणाचा जुना पट असेल तर तोही आणून ठेवायचा. संध्याकाळी आबा दार उघडत, लोक पुढच्या पटांगणात खेळत आणि अंधार पडला की खेळ पुन्हा कप्प्यात जात. सोंगटी हरवली तर आबा नवी देत. एक दिवस खेळून खेळ आवडला नाही, तर हसतमुखाने परत घेत. दिवाळीला तर निम्म्या किमतीत खेळ मिळत, आणि लोक वर्षभर खेळून संपणार नाहीत इतके खेळ घेऊन ठेवत.

आबांनी कोणाचं दुकान बंद पाडलं नाही. लोकांचीच पावलं वळली आणि एकेका दुकानाच्या फळ्या कायमच्या लागल्या. सोंगट्या कोरणारा कोंडाजी सुतार पूर्वी चार बाजार फिरे, तोही आता फक्त खेळघरातच माल ठेवी. तीन सोंगट्या विकल्या की एकीचा पैसा आबांचा.

"जास्त वाटतं का रे कोंडाजी?" आबा अधूनमधून विचारत.

"वाटतं की," कोंडाजी म्हणे, "पण जाऊ कुठं? गिऱ्हाईक सगळं तुमच्या पटांगणात बसलंय."

आबा त्यावर हसत, आणि मग घरी जाऊन त्याच वाक्याचा विचार करत बसत.

खेळघराला दार एकच होतं. पहिल्याच वर्षी चोरी झाली म्हणून आबांनी त्याला स्वतःच्या हातांनी कुलूप केलं होतं. खेळ्यांच्या गावात साधं कुलूप लावायचं म्हणजे लाजच. म्हणून दारावर लाकडी खुंट्यांची ओळ होती. खुंट्या ठरावीक क्रमाने सरकवल्या तरच आतला अडसर निघे. फार वेळा चुकलं तर अडसर जाम होई. तो क्रम आबांनी कोणालाही शिकवला नव्हता. चोरांची भीती, हे कारण ते सांगत आणि ते खरंही होतं. पण संध्याकाळी आपण येईपर्यंत सारं गाव दारापाशी वाट बघतं, हेही त्यांना आवडत असे.

कोणी परगावचा पाहुणा विचारी, "आणि आबा आजारी पडले तर?"

लोक म्हणत, "आबा आहेत की!"

हे इतक्या वेळा म्हटलं गेलं, की वळचणीला राहणारी साळुंकीसुद्धा तेवढंच बोलायला शिकली होती. कोणी टेकडी चढताना दिसलं की ती ओरडे, "आबा आहेत की!"

एके दिवशी येसूआजी टेकडी चढून आली. येसूआजी म्हणजे गावातली सगळ्यात जुनी खेळाडू, हरली तरी दात नसलेल्या तोंडाने हसणारी.

"आबा, नातीचं लग्न ठरलं. नदीपलीकडे दिली."

"वा! सारजेचं? ती तर अजून परवा कवड्या गिळत होती."

"तीच. आता नवऱ्याला गिळेल. बरं, माझा पट हवाय."

आबांचा चेहरा बदलला. त्या गावात एक रीत होती. पाठवणीच्या वेळी नवरीच्या ओटीत नारळाबरोबर आजोळचा पट घालायचा. पट ओटीत पडला की मगच गाडी हलायची. येसूआजीचा पट तिच्या आईने टाका टाका घालून शिवला होता. घर गळायला लागलं तेव्हा आजीने तो खेळघरात आणून ठेवला होता. आतापर्यंत मुली गावातच दिल्या जात. ओटीत घातलेला पट दुसऱ्या दिवशी पुन्हा कप्प्यात येई आणि रीत व नियम दोन्ही पाळले जात. नदीपलीकडे जाणारी सारजा ही पहिलीच.

"आजी, आत आलेला खेळ आतच राहतो," आबा हळूच म्हणाले. "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी सगळ्यांना."

"सांगितलं असशील. आम्ही कप्पे बघत होतो."

"तिकडे त्याची निगा कोण राखणार? ओल असते. उंदीर असतात."

"उंदीर माझे, पटही माझा," आजी म्हणाली.

आबा विचार करत घरी गेले. एकाला दिला तर सगळे मागतील. सगळ्यांनी नेले तर कोणाचे कुजतील, कोणाचे हरवतील, आणि ज्या खेळांना आपण लेकरांसारखं जपलं त्यांची दैना होईल. दुसरीकडून मन म्हणे, लेकरं तरी तुझी कुठे आहेत? आबांनी दोन्ही बाजू इतक्या वेळा तोलल्या, की तराजूच दमला. शेवटी ते येसूआजीच्या घरी जाऊन म्हणाले, "देतो. लग्नाच्या दिवशी मी स्वतः काढून देतो."

"आत्ताच दे की."

"नियम मोडायचा, तर निदान शेवटच्या घटकेला मोडावा."

आजीने कपाळाला हात लावला, पण ती हसली. आबांच्या स्वभावाला सारं गाव असंच हसत असे, मायेने.

आबांनी एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नव्हती. अलीकडे खुंट्यांशी त्यांचा हात मधेच थबके. क्षणभर काही आठवत नसे, मग बोटं आपोआप पुढे सरकत. 'वय झालं,' ते स्वतःशी म्हणत. 'कोणाला तरी शिकवायला हवं.' पण कोणाला? हा उतावळा, तो गप्पिष्ट, ती विसराळू. योग्य माणूस शोधण्यात ऋतूमागून ऋतू गेले.

लग्नाचा दिवस उजाडला. अक्षता पडल्या, जेवणं झाली. पाठवणीची वेळ आली तशी सारी वरात टेकडीवर आली. सारजा नव्या शालूत उभी होती. तिचा नवरा बैलगाडीशी घुटमळत होता. आबा फेटा सावरत दारापुढे गेले. त्यांनी पहिली खुंटी सरकवली. दुसरी सरकवली.

आणि त्यांचा हात थांबला. या वेळी बोटं पुढे गेली नाहीत.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली, मग पुन्हा. 

"काय झालं, आबा?"

"काही नाही. आठवेल."

थोड्या वेळाने ते गर्दीकडे वळले, आणि त्यांचा चेहरा पाहून सगळ्यांना कळलं.

पण ते गाव खेळ्यांचं. कोडं दिसलं की हात शिवशिवायचेच. तेली पुढे झाला. "डावीकडून घ्या, मी सांगतो."

"तू सांगू नकोस," कुंभारीण म्हणाली, "तू काल चार डाव हरलास."

"ते कवड्यांमुळे!"

"हो, आणि आज खुंट्यांमुळे हरशील."

एकेकाने करून पाहिलं. दर चुकीला आत काहीतरी कुरकुरे. शेवटी एक जड आवाज झाला आणि अडसर जाम झाला. मग कोणी विनोद केला नाही.

नवऱ्याच्या मामाने बैलांकडे पाहत खाकरून म्हटलं, "आमच्याकडे सुना पट घेऊनच येतात बरं का. नाहीतर बायका वर्षभर बोलतात."

सारजेच्या डोळ्यांत पाणी आलं. वळचणीवरून साळुंकी ओरडली, "आबा आहेत की!"

आबा दाराच्या पायरीवर बसले. सगळे आता काय बोलतील ते त्यांनी मनात आधीच ऐकून घेतलं होतं. म्हणतील, म्हाताऱ्याने घोळ घातला. म्हणतील, एवढा विश्वास टाकला होता. त्यांनी मान खाली घातली आणि वाट पाहिली.

पण दोष कोणी दिला नाही. येसूआजीने लग्नघरातून मूठभर पीठ मागवलं. पटांगणाच्या फरशीवर वाकून तिने पिठाने चार हातांचा पट काढला. चिंचेखालून चिंचोके वेचले, दगडावर घासून एका बाजूने पांढरे केले आणि म्हणाली, "सारजे, बस. जावईबापू, तुम्हीही बसा. रडत गाडीत चढू नये माणसानं. एक डाव खेळा."

गावातली मुलं भोवती दाटली. जमिनीवर पिठाने रेखलेला पट त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. एक मुलगी आश्चर्याने म्हणाली, "आजी, खेळ असासुद्धा करता येतो?"

"पूर्वी असाच करायचो गं. मग आम्ही विसरलो."

मामा म्हणाले, "पण पिठाचा पट ओटीत कसा घालणार?"

"नाही घालता येत," आजी म्हणाली. "पण खेळता येतो." आणि मग मागे वळून, "आबा, तू का तिथं बसलास? ये, दान टाक."

रागाचा एक शब्द आबांनी सोसला असता. ही हाक त्यांना सोसली नाही. ज्यांना आपण वर्षानुवर्षं सांभाळलं असं वाटत होतं, ती माणसं आज आपल्यालाच सांभाळून घेत होती. ते उठले आणि कोंडाजीपुढे हात पसरून उभे राहिले.

"कुऱ्हाड दे."

"आबा, दार मोडायचं?" कोंडाजी घाबरला. "माझ्या सगळ्या सोंगट्या आतच विकल्या जातात. खेळघर मोडलं तर मी कुठं जाऊ?"

"तेच चुकलं ना माझं. तू कुठेही जाऊ शकत नाहीस, आजी पट नेऊ शकत नाही, आणि हे सगळं माझ्या चांगुलपणापोटी घडलं. दे."

पहिला घाव दारावर नुसता टणकन वाजला. दुसऱ्याने ढलपी उडाली. म्हाताऱ्याला दम लागला, तेव्हा कोंडाजीने त्यांच्या हातून कुऱ्हाड घेतली. मग तेली आला, कुंभार आला. दार पडलं.

आत सगळं जिथल्या तिथे होतं. धूळ नाही, ओल नाही. येसूआजीचा पट कप्प्यात घडी घालून ठेवलेला, आईचा एकही टाका उसवलेला नाही, रंग तर कालच भरल्यासारखे. आजीने त्यावरून हात फिरवला.

"जपलास रे," ती म्हणाली. "फार चांगला जपलास."

आबांनी तो सारजेच्या ओटीत नारळाशेजारी ठेवला. "उंदरांपासून सांभाळ, पोरी," ते म्हणाले. गाडी हलली.

त्यानंतर आबांनी खेळघराला नवं दार लावलं, पण त्याला साधी कडी होती. त्यांनी गावाला सांगितलं, "ज्याला आपला खेळ घरी न्यायचा त्याने न्यावा. ज्याला इथे ठेवायचा त्याने ठेवावा."

आता कोणाला वाटेल, सगळ्यांनी सगळं नेलं आणि खेळघर ओस पडलं. तसं झालं नाही. निम्म्यांनी नेलं, निम्म्यांनी ठेवलं. नेलेल्यांपैकी काहींचे पट खरोखरच उंदरांनी खाल्ले. तेली तर कुरतडलेला पट घेऊन आबांकडे आला आणि हक्काने म्हणाला, "बघा, काय झालं!"

आबा म्हणाले, "उंदीर तुमचे," आणि इतके हसले, की त्यांना खोकला आला. मग त्यांनी त्याला सुई-दोरा काढून दिला.

खालच्या आळीत एकाने खेळांचं दुकान थाटलं. त्याचे फासे जरा ओबडधोबड होते, पण कोंडाजीला तो चार पैसे जास्त देई. ते पाहून आबांनीही आपला हिस्सा कमी केला आणि स्वतः त्या दुकानातून एक फाशांची जोडी विकत आणली. 'हे बरोबर केलं ना?' असं ते कोंडाजीला दोनदा विचारून आले.

गावातलं सगळ्यात मोठं खेळघर शेवटपर्यंत आबांचंच राहिलं. लोक संध्याकाळी पूर्वीसारखेच टेकडी चढून येत. आता कुठेही जाता येत असूनही ते तिथे येत, आणि दारात उभं राहून त्यांना येताना बघणं आबांना पूर्वीपेक्षा जास्त आवडे. साळुंकी तेव्हाही ओरडे, "आबा आहेत की!" त्यावर गावातली मुलं एका सुरात ओरडत, "आणि आम्हीपण आहोत!"

तात्पर्य: दार कितीही भल्या माणसाचं असो, गावात ते एकटं असू नये, आणि त्याची युक्ती एकाच हातात असू नये.